सड्यावरच्या फुलांचे वाटाडे

वसंत व्याख्यानमालेत फुलांचा विषय निघाला म्हणजे तो ऋतूला साजेसाच झाला, असे कोणासही वाटेल. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरील कातळाला पंचांगातला वसंत मान्य नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या परंपरेला अनुसरून चैत्र-वैशाखात गावोगावी व्याख्याने झडत असतात, तेव्हा कास, महाबळेश्वर, जुन्नर, आंबोली या बाजूंचे सडे तापून काळे पडलेले असतात. त्यांवर वाळक्या गवताची काडी आणि शेळ्यामेंढ्यांच्या पायांनी उडालेली धूळ, एवढेच काय ते दिसते. या कातळाचा वसंत श्रावणाच्या अखेरीस सुरू होतो, भाद्रपदात भरास येतो आणि आश्विनात ओसरतो.

त्या दिवसांत जाणत्या माणसाला पुढे घालून रांगेने कातळावर चढावे, त्याने दाखवावी ती फुले वाकून पाहावीत, नावे लिहून घ्यावीत आणि संध्याकाळी परत यावे, हा परिपाठ आता शहरांतून चांगलाच रूढ झाला आहे. पुष्कळांना तो नव्या जमान्याचा छंद वाटतो. वस्तुतः आपल्या भागात त्याला साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर, आणि आयुष्याची बहुतेक वर्षे कामगारांची संघटना बांधण्यात गेली. त्यामुळे कोणतेही काम दृष्टीस पडले की तीन प्रश्न आमच्या मनात पहिल्याने उभे राहतात: हे काम केले कोणी, त्याची हजेरी कोठे लागली, आणि मजुरी कोणाच्या पदरात पडली? फुलांच्या इतिहासाला हे प्रश्न विचारले असता काय उत्तर मिळते, ते पाहू.

आरंभी या कातळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. सातारा-महाबळेश्वराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. जुन्नरकडे काळा कातळ आहे. दोहोंवर माती म्हणाल तर बोटभर, कोठे वीतभर, आणि पुष्कळ ठिकाणी मुळीच नाही. पावसाचे चार महिने या दगडावर पाणी साचून राहते. उरलेले आठ महिने तो तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाला येथे मूळ धरता येत नाही, म्हणूनच लहान रोपांना येथे जागा मिळते. त्यांनी उगवणे, फुलणे, बी धरणे आणि सुकून जाणे हा सगळा संसार तीन-चार महिन्यांत उरकलेला असतो. तेरडा गुलाबी पसरतो, सोनकी पिवळी धमक होते, गेंदाचे पांढरे गोंडे पाणथळ जागी दाटीने उभे राहतात. सीतेच्या आसवांचे निळेजांभळे फूल दिसायला नाजूक, पण त्याच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब चिलटे धरतात. या मातीत नत्राचा कस नाही. ज्या घरात शिधा नाही त्या घरच्या माणसाने बाहेर जाऊन पोट भरावे, तसा हा प्रकार आहे. उतारावर कारवी असते. ती सात वर्षे नुसती हिरवी वाढते, मग सारा डोंगर एकदम जांभळा करते, बी टाकते आणि मरते.

कासच्या पठारावर फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश केला, त्यात कासचेही नाव आहे. हे ठिकाण सर्वतोमुखी झाले. परंतु त्या साडेआठशेंपैकी आठ जाती तरी नवख्या माणसाला स्वतःहून दिसतील की नाही, याची शंका आहे. धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. शेवाळलेल्या दगडावर बूट टिकत नाही. आणि जे पाहावयास आलो, ते बहुधा आपल्याच टाचेखाली असते. म्हणून पुढे चालणारा माणूस लागतो. कोठे पाय ठेवावा, कोठे ठेवू नये, कोणते रोप कोणत्या पंधरवड्यात कोणत्या खाचेत उगवते, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुराखीपणातून, लाकूडफाट्यातून, झाडपाल्याच्या औषधांतून आलेले असते.

आता या पुढे चालणाऱ्या माणसाचा माग काढू. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील ग्रंथ छापला गेला. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. याच ऑर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. ग्रंथ संवादरूपाने लिहिला आहे. दोन विद्वान पुरुष बोलत असतात. बोलता बोलता झाडाचे फळ वा पान प्रत्यक्ष पाहण्याची गरज पडली की हाक मारली जाते ती अंतोनिया नावाच्या दासीला. ती जाते, वस्तू घेऊन येते, आणि विद्वानांचा संवाद पुढे चालू होतो. आणणारीला कोणती वस्तू कोठे मिळते हे ठाऊक होते, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते. तिला आणखी काय ठाऊक होते, हे विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती. तरीपण एका दासीचे नाव साडेचारशे वर्षे छापील कागदावर टिकून राहिले, हेही थोडके नव्हे.

त्यानंतर शंभर वर्षांनी मलबारात याहून मोठे काम झाले. कोचीनचा डच अंमलदार हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. या ग्रंथाच्या पहिल्या खंडाच्या आरंभी एक अशी गोष्ट आहे की जिच्यापुढे संघटनेच्या कार्यकर्त्याने मान लववावी. ज्यांच्या ज्ञानावर ग्रंथ उभा राहिला त्यांचे दाखले तेथे त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्याच लिपीत छापले आहेत. एक दाखला इट्टी अच्युतन या एळवा जातीच्या वैद्याचा. दुसरा रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांचा. तो कोकणी भाषेत, नागरी लिपीत आहे, आणि त्यावर सन १६७५ आहे. आपण दोन वर्षे या कामी खपलो, असे ते लिहून देतात. आपल्या शेजारच्या भाषेतली, आपल्याच लिपीतली ही अक्षरे ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात उमटली, तेव्हा शिवछत्रपती रायगडावर राज्य करीत होते.

व्हान रीड काही दानशूर पुरुष नव्हता. तो एका व्यापारी कंपनीचा अधिकारी होता आणि औषधींत कंपनीचा फायदा होता. परंतु ज्यांनी माहिती पुरविली त्यांची सही घेतल्यावाचून माहितीला वजन येत नाही, हे त्याने ओळखले होते. त्यासाठी झाडांवर चढणारे, डोंगर धुंडाळणारे आणि फांद्या वाहून आणणारे जे लोक राबले, त्यांची नावे मात्र त्यालाही लिहावीशी वाटली नाहीत. वैद्यापर्यंत हजेरी लागली. हमालापर्यंत पोहोचली नाही.

आता आपण आपल्या डोंगरांकडे येऊ. पुण्याजवळचे दापोडी हे गाव आज एस. टी.च्या कार्यशाळेमुळे कामगारांना माहीत आहे. गेल्याच्या गेल्या शतकात तेथे सरकारी वनस्पतिउद्यान होते. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटिश शल्यवैद्य त्याचे प्रमुख होते. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची लागवड होत असे. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांचे सहकारी निकोल डालझेल. या दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सह्याद्रीच्या फुलांची पद्धतशीर शास्त्रीय नोंद येथून सुरू झाली असे म्हणावयास हरकत नाही. गिब्सन यांची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. बेसुमार तोडीने डोंगर उघडे पडतील आणि झरे आटतील, हे त्यांनी सरकारला त्या काळी लिहून कळविले होते.

परंतु दापोडीच्या कामाची आणखी एक बाजू आहे. १८४७ ते १८५० या काळात तेथे एका चित्रकाराने वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवली आहेत, आणि २००२ साली त्यांवर एक मोठा ग्रंथही निघाला. पाकळीवरची शीर न्‌ शीर दाखविणारा हा कारागीर कोण? तो इंडो-पोर्तुगीज होता, एवढाच बोध होतो. त्याचे नाव नोंदलेले नाही. चित्रे टिकली, रंग टिकले, कागद टिकला. नाव तेवढे गळाले. ज्याने कारखान्याच्या मस्टरवर बदली कामगाराच्या जागी नुसता ‘एक इसम’ असा शेरा पाहिला असेल, त्याला ही गोष्ट फोडून सांगावयास नको.

आणि याच जुन्नरच्या डोंगरातली एक वनस्पती आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. हिवऱ्याजवळच्या कड्यावर डालझेल यांना एक मांसल खोडाची, दगडाच्या फटीतून लोंबणारी वनस्पती मिळाली. पावसाळ्यात तिला पाने येतात. पाऊस सरला की ती गळतात आणि हिरवे खोड उन्हाळा काढते. फूल चांदणीच्या आकाराचे, गडद तांबडे, वर पिवळे ठिपके. जुन्नरखेरीज पुरंदर, सज्जनगड अशा गडकोटांच्या कड्यांवरही ती सापडली आहे. ही प्रजाती शास्त्राला सर्वस्वी नवी होती. १८६४-६५ च्या सुमारास डालझेल यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ‘फ्रेरिया इंडिका’. हे नाव कोणाचे? सर बार्टल फ्रिअर यांचे. ते १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे शास्त्रज्ञांनी या वनस्पतीची प्रजाती बदलली. १९५८ साली तिला दुसऱ्या प्रजातीत घातले, त्यानंतर आणखी तिसऱ्या. पण दर वेळी पाठीमागे फ्रिअरसाहेबांचे नाव कायम राहिले. लोकांत या वनस्पतीला शिंदळ माकुडी म्हणतात. हे नाव काही साहेबाने दिलेले नव्हे. ते ज्यांनी दिले ते कड्याच्या कडेने गुरे चारीत होते, आणि कोणाही परक्याला त्या फटीपर्यंत न्यायचे तर वाट त्यांच्याच पायाखालची होती.

गव्हर्नराने तो कडा चढला नव्हता. त्याला फूल मिळाले ते मानाच्या रूपाने, आणि मान वरच्या दिशेने वाहतो हा त्या काळचा रिवाजच होता. म्हणून कोणावर दात धरण्याचे कारण नाही. परंतु शास्त्राला नवे काही मिळावयाचे तर ते गव्हर्नराच्या बंगल्यातून न मिळता कड्यावरून मिळाले, ही नोंद इतिहासाने करून ठेवावयास हवी.

याहून वेगळे घडणे शक्य होते काय? शक्य होते, आणि घडलेही होते. योगायोग असा की ते घडले ते आपल्या कापसाच्या दुसऱ्या टोकाला. फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईहून कापसाच्या गाठी ज्या मुलुखात जात, त्या मँचेस्टरच्या आसपास हातमागावर बसणारे विणकर अठराव्या शतकापासून फुलांची मंडळे चालवीत होते. रविवारी सुट्टी असे. हे लोक दलदलीत, खडकाळ माळावर, ओढ्याकाठी हिंडून वनस्पती गोळा करीत आणि संध्याकाळी गुत्त्यात जमत. गुत्ता अशासाठी, की गरिबांना बसण्यास दुसरी जागा नव्हती. प्रत्येकजण पैसा-पैसा वर्गणी टाकी. तीतून ग्रंथ विकत घेतले जात आणि ते मंडळाच्या मालकीचे असत. टेबलावर रोपे मांडली जात, अध्यक्ष एकेक रोप उचलून त्याचे लॅटिन नाव मोठ्याने सांगे, आणि ज्यांनी शाळेचे तोंड फारसे पाहिले नव्हते ते लोक ते नाव पाठ करीत.

या मंडळींतला जॉन हॉर्सफील्ड हा विणकर. वनस्पतींच्या चोवीस वर्गांची नावे कागदावर लिहून त्याने तो कागद आपल्या मागाच्या खांबाला लावला होता. हात धोट्यावर आणि डोळे त्या कागदावर. पुढे तो अशा मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याने तयार केलेल्या डॅफोडिलच्या एका वाणाला त्याचेच नाव मिळाले. दुसरा रिचर्ड बक्सटन. तो जोडे शिवणारा. विशीच्या आत पण बऱ्याच उशिरा स्वतःच वाचावयास शिकलेला, आणि जन्मभर दरिद्री राहिलेला. १८४९ साली त्याने मँचेस्टरच्या भोवतालच्या सोळा मैलांतील वनस्पतींची मार्गदर्शिका छापली. हवेशिवाय कोंडून काम करणाऱ्या माणसांसाठी शेतांतून जाणाऱ्या जुन्या पायवाटा खुल्या ठेवाव्यात, असे त्याने जमीनदारांना तीत विनविले आहे. येथे वाट दाखविणारा, चालणारा आणि लिहिणारा एकच माणूस होता. आपल्याकडे या तीन माणसांत समुद्राचे अंतर होते. आणि लेखणी ज्याच्या हाती होती त्याचे नाव उरले.

यावर कोणी म्हणेल, की ही परक्या राज्यातील गोष्ट झाली. स्वराज्यात चित्र पालटले असेल. काही अंशी पालटले. साताऱ्याच्या सड्यावर पाण्याच्या डबक्यांत उगवणारी वायतुऱ्याची एक जात आहे; तिचा तुरा दोन फाट्यांचा असतो. ती शास्त्राला नवी असल्याचे आपल्याच देशातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ साली दाखविले, आणि नाव दिले ते कोणा अधिकाऱ्याचे न देता साताऱ्याचे दिले. त्याच १९८२ सालच्या १८ जानेवारीस मुंबईच्या कापडगिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतील किती तरी याच सातारा-जावळीच्या डोंगरातून आणि खालच्या कोकणातून गिरणगावात आलेले होते. संप रेंगाळला आणि पुष्कळजण गावी परतले. मुंबईने ज्यांची नोकरी घेतली, त्यांच्या गावच्या डबक्यातील तुऱ्याला त्याच वर्षी जगाच्या यादीत नाव मिळाले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही; तो लावण्याचा आम्ही प्रयत्नही करीत नाही. परंतु डोंगर ओस का पडतो आणि डोंगराचे ज्ञान का विझते, हे समजून घेणाऱ्याने दोन्ही गोष्टी एका पानावर लिहून ठेवाव्यात. वाट जाणणारा माणूस शहरातल्या खोलीत बारा जणांत झोपू लागला, म्हणजे वाटेवर गवत वाढते.

मजुरीचा प्रश्न आपल्या देशात पहिल्यांदा रोखठोक निघाला तो दक्षिणेस, अगस्त्यमलेच्या डोंगरात. १९८७ साली केरळातील शास्त्रज्ञांचे एक पथक तेथे वनस्पतींच्या अभ्यासास गेले होते. वाट दाखविण्यास काणी जमातीचे लोक होते. चढ चढताना शास्त्रज्ञ दमले; वाटाडे दमेनात. ते अधूनमधून काही लहान फळे तोंडात टाकीत होते. पुष्कळ विनवणीनंतर मल्लन काणी आणि कुट्टीमात्तन काणी यांनी ते झाड दाखविले. त्याचे स्थानिक नाव आरोग्यपच्चा. पुढे त्यापासून ‘जीवनी’ नावाचे औषध तयार झाले. १९९५ साली ते बनविण्याचा परवाना कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक औषध संस्थेला देण्यात आला: दहा लाख रुपये रोख आणि विक्रीवर शेकडा दोन. यातील अर्धा वाटा काणी लोकांचा ठरला. तो घेण्यासाठी १९९७ साली त्यांचा स्वतंत्र न्यास नोंदविला गेला.

हा करार निर्दोष होता असे नाही. झाड वनखात्याच्या हद्दीतले, त्यामुळे पाने तोडण्यावर बंधने आली. काणी वस्त्या अनेक, त्यामुळे वाटा कोणी आणि कसा घ्यावा यावर मतभेद झाले. ज्याने आयुष्यात एखादा तरी वेतनकरार केला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. सही झाल्यावरच भांडणाला खरा आरंभ होतो. पण वाटाड्याचे ज्ञान हे ज्ञान आहे, त्याला किंमत आहे आणि ती त्याच्या समाजाला मिळाली पाहिजे, हे तत्त्व एकदा कागदावर आले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्यास देशभर आधार दिला. प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आपली समिती नेमावी आणि लोकांच्या माहितीवरून गावच्या झाडापेडांची, प्राण्यांची आणि परंपरागत ज्ञानाची नोंदवही तयार करावी, अशी त्यात तजवीज आहे. आपल्या गावची नोंदवही कोठे आहे, ती कोणी लिहिली आणि लिहिणारा डोंगर चढला होता की कचेरीत बसून त्याने रकाने भरले, हे श्रोत्यांनी एकदा जाऊन विचारावे. हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही.

आमच्या संघटनेतील निवृत्त आणि चालू कामावरचे मिळून पंचवीस-तीस लोक एका भाद्रपदात जुन्नरकडील एका डोंगरधारेवर गेलो होतो. पुढे धनगरवाड्यातील एक वृद्ध गृहस्थ चालत होते. त्यांनी आरंभीच दोन नियम घातले: एकामागे एक चालायचे, आणि पाय दगडावर ठेवायचा, हिरव्यावर ठेवायचा नाही. मग ते मधूनच थांबत, काठीच्या टोकाने जागा दाखवीत आणि स्वतः बाजूला होत. काठी रोपाला मात्र कधी लागली नाही. आमच्यातील एक टर्नर चाळीस वर्षांपूर्वी डोंगर सोडून पिंपरीच्या कारखान्यात आलेले. कारवीचे रान लागताच ते थबकले. त्यांच्या वडिलांच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या. कोणत्या वर्षाची काठी कुडाला चालते, फुलून गेलेली का चालत नाही, ती कशी बांधतात, हे सारे ते भडाभडा सांगू लागले. तासभर मग दोन वाटाडे झाले. कारखान्यात इतकी वर्षे त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते.

खाली उतरल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना दिवसाचे पैसे देऊ लागलो तेव्हा ते म्हणाले, “वाट दाखवायचे कसले पैसे घ्यायचे?” हे उत्तर थोर मनाचे आहे, डोंगरातील आतिथ्याची ती रीतच आहे. पण तीनशे-साडेतीनशे वर्षे याच रीतीचा फायदा घेतला गेला, हेही खरे. शहाणी माणसे आली, वाट फुकट मिळाली, नाव फुकट मिळाले, रोप फुकट मिळाले. आणि परतल्यावर लिहिताना ‘स्थानिकांच्या मदतीने’ या दोन शब्दांत सारे आटोपले. म्हणून आम्ही आग्रह धरला. कसबी कारागिराला दिवसाला जे मिळते ते त्यांना दिले, संघटनेच्या खर्चवहीत त्यांचे पूर्ण नाव लिहिले, कामाच्या रकान्यात ‘वनस्पतींविषयी मार्गदर्शन’ असे लिहिले, आणि त्यांची सही घेतली. सही करताना त्यांनी विचारले, “हे कशाला?” आमच्या टर्नरनी उत्तर दिले, “आबा, उद्या कुणी म्हणालं की ही फुलं आम्हीच शोधली, तर दाखवायला.” यावर ते पुष्कळ हसले.

कासला आता आसपासच्या गावच्या लोकांची समिती वनखात्याबरोबर व्यवस्था पाहते. हंगामात येणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, गर्दीवर मर्यादा घातली जाते, आणि गावचे तरुण-तरुणी फुलांची माहिती सांगतात. तेथील शुल्काबद्दल शहरातील काही मंडळी कुरकुर करतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की बोटभर मातीवरचे हे रोप हजारो पावलांखाली एका हंगामात नाहीसे होऊ शकते. ते राखावयाचे तर राखणाऱ्याची चूल पेटली पाहिजे. तिचा खर्च कोणी तरी द्यावा लागणारच. फूल पाहणाऱ्याने तो दिला तर त्यात अन्याय कोणता?

तेव्हा येत्या भाद्रपदात श्रोत्यांपैकी जे कोणी सड्यावर जातील, त्यांना आमची विनंती थोडीच आहे. फूल तोडू नये. पाय दगडावर ठेवावा. स्थानिक माणसाला पुढे घालावे, आणि त्याची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी; परतताना हातावर काही टेकविणे ही मजुरी नव्हे. फुलाचे गावचे नाव आधी विचारावे, पुस्तकातले मागाहून पाहावे, आणि दोन्ही लिहून ठेवावीत. वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, डोंगराचे नाव आणि वाटाड्याचे संपूर्ण नाव असावे. गाव लिहावे, आणि तो कोणाकडून शिकला हे विचारून तेही लिहावे. बहुधा तो आपल्या आजीचे किंवा मामाचे नाव सांगेल. ते नाव यापूर्वी कोठल्याच कागदावर आलेले नसेल.